आईच्या कादंबरीतला सभ्य माणूस

शेजारच्या सिस्टरांचा फोन आला तेव्हा मी नगरला ऑफिसात होते. सिस्टर म्हणजे आमच्या श्रीरामपूरच्या घराच्या भिंतीला लागून राहणाऱ्या, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. त्या उगाच फोन करणाऱ्यातल्या नाहीत. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यामुळे मी आधी त्यांचंच विचारलं.

"अण्णा बरे आहेत," त्या म्हणाल्या. "आईकडे बघ जरा. कुणाला तरी दाखव तिला."

"काय झालं?"

"रोज सकाळी गच्चीवर एकटीच फिरते आणि बोलते. आज मी तुळशीला पाणी घालत होते—" सिस्टर ख्रिस्ती आहेत, पण तुळस त्यांच्याकडे आमच्यापेक्षा दाट आहे, खोकल्यासाठी म्हणून लावलेली. "तर ती म्हणाली, ‘त्याने तिसरीला विहिरीत ढकलले.’ मग जराशी थांबली आणि म्हणाली, ‘पूर्णविराम.’"

मला त्यातल्या खुनापेक्षा ‘ढकलले’ या शब्दाचीच जास्त भीती वाटली. आईचं माहेर मिरजगावकडचं. तीस वर्षं श्रीरामपुरात काढूनही तिची बोली तसूभर हललेली नाही. ती ‘ढकलले’ म्हणणं शक्यच नव्हतं.

शनिवारी सकाळच्या बसनं मी घरी पोचले. अण्णा काळा चष्मा लावून पलंगावर बसले होते. आई गच्चीवर. मी पाय न वाजवता जिना चढले. आई माझ्याकडे पाठ करून उभी, हातातला मोबाईल तोंडासमोर खाऊच्या पुडीसारखा धरलेला, आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या सुरात सांगत होती, "गावातल्या कोणालाही त्याचा संशय आला नाही. पूर्णविराम. कारण तो सर्वांशी नम्रपणे वागत असे. पूर्णविराम."

"आई!"

ती दचकली नाही. हात वर करून मला थांबवलं, फोनवरचं एक बटण दाबलं आणि मग म्हणाली, "कवा आलीस? जेवून आलीस का?"

खालच्या पायरीवर बसून तिनं सगळं सांगितलं. निवृत्तीनंतर बसून कंटाळा आला. फोनमध्ये गोष्टी वाचायचं एक ॲप मिळालं. वाचता वाचता वाटलं, हे तर आपणही लिहू. सात महिन्यांपासून ती कादंबरी लिहीत होती. एका छोट्या गावात एकामागून एक बायका मरतात, त्याची. भाग होईल तसा त्याच ॲपवर टाकत होती. बोललेलं फोन आपोआप लिहून घेतो हे तिला सिस्टरांच्या भाच्यानं शिकवलं होतं.

"पण मग अशी पुस्तकी भाषा का?"

"त्याला आपली बोली कळत न्हाई. मी ‘हाय’ म्हनलं की तो विंग्रजीत ‘हाय’ लिवतो. जसं काय मी कुनाला हातच करतीय."

"सिस्टर घाबरल्यात. त्यांना वाटतंय तुला वेड लागलं. खून, खून आणि खून, दुसरं काही ऐकूच येत नाही म्हणतात."

आई लाजली. मी माझ्या आईला लाजताना तोवर पाहिलं नव्हतं. पदराशी चाळा करत म्हणाली, "प्रेमाचं आसतंय ते मी बोटानं लिवते. ते काय मोठ्यानं बोलायचं का गच्चीवर?"

त्या दिवशी दुपारी मी आईची कादंबरी वाचायला घेतली ती संध्याकाळी दिवे लागले तरी खाली ठेवली नाही.

आई एसटीत कंडक्टर होती, हे इथं सांगायला हवं. आमच्या भागात बाया कंडक्टर व्हायला लागल्या त्या पहिल्या काही जणींमधली ती. माझ्या लहानपणी ती खाकी साडीत पहाटे निघायची आणि अंधार पडताना यायची. आल्यावर पाय भिंतीला वर लावून पडायची आणि आम्हाला काही म्हणजे काही सांगायची नाही. आज गर्दी होती, आज टायर पंक्चर झालं, संपलं. मला वाटायचं तिच्या आयुष्यात घंटी मारण्यापलीकडे काही घडतच नाही.

आणि आता फोनच्या त्या इवल्या पडद्यावर एक अख्खं गाव उभं होतं. नदीकाठचं, बाजारपेठेचं, एका स्टँडभोवती गोळा झालेलं. स्टँडसमोर शिलाईचं दुकान चालवणारी चाळिशीतली विधवा. बदलून आलेला, बायको सोडून गेलेला फौजदार. तो गुंडी लावून घ्यायला तिच्या दुकानात येतो, आणि ती त्याच्या अंगावरच शर्टाला गुंडी शिवते. सुई त्याच्या छातीपासून बोटभर अंतरावर. तो श्वास रोखून उभा आणि तिला दोरा तोडायला तोंड जवळ न्यावं लागतं. इतकंच. पण ते वाचताना माझे कान तापले. हे आईनं लिहिलं होतं. सकाळी मला ‘जेवून आलीस का’ विचारणाऱ्या बाईनं. मी फोन छातीशी पालथा धरला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. ती तिथं भाकरी थापत होती. मी तिच्याकडे पाहतच राहिले.

"काय गं?" ती म्हणाली.

"काही नाही."

 डोंगराच्या पायथ्याशी घर बांधून राहावं आणि इतक्या वर्षांनी एकदा मान वर करून डोंगर पाहावा, तसं मला झालं होतं.

गावात खून होत होते तेही अंगावर काटा आणणारे. बायका आपापल्या घरात एकट्या असताना दुपारच्या वेळी मारल्या जात आणि विहिरीत सापडत. लोक म्हणत, जीव दिला. सासरचे धरले जात. फक्त त्या शिंपीणबाईला वाटत होतं की हे कुणा एकाचंच काम आहे. चौदा भाग झाले होते. मारेकरी कोण ते कळलं नव्हतं, आणि प्रत्येक भागाखाली वाचणाऱ्या बायांनी भांडणं चालवली होती. कुणी म्हणे डॉक्टर, कुणी म्हणे फौजदारच.

अण्णांना हे सगळं माहीत होतं, पण त्यांनी एक अक्षरही वाचलं नव्हतं. आधी डोळ्यांत मोतीबिंदू, आता काळा चष्मा. "वाच मला," ते रविवारी सकाळी म्हणाले. "बघू तुजी आई काय दिवं लावती ती."

मी पंधरा दिवसांची रजा टाकली आणि अण्णांना वाचून दाखवायला बसले. अण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॉल्या तोलण्यात त्यांचं आयुष्य गेलं, बोलणं मोजकंच. ते हात मांडीवर ठेवून, मान किंचित खाली घालून ऐकत. गुंडीचा प्रसंग आला तेव्हा मी तो गाळायचा प्रयत्न केला.

"मधलं कुटं गेलं?" ते म्हणाले.

मग मला तो वाचावा लागला. बापाला, आईनं लिहिलेला. मी भिंतीकडे बघून एका दमात वाचला.  स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

अकराव्या भागाशी आलो तेव्हा अण्णा म्हणाले, "चष्मेवाला."

"काय चष्मेवाला?"

"त्यानं मारल्यात बाया."

कादंबरीत चष्म्याचं दुकान असलेला एक माणूस होता. फारसा कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. पावसात बायकांना आपली छत्री देई, म्हाताऱ्यांचे चष्मे फुकट नीट करून देई. वाचणाऱ्यांपैकी एकीनंही त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"का पण?"

अण्णा म्हणाले, "तुज्या आईनं गावातल्या एकूनएक मानसाला कायतरी खोट ठिवलीय. डाक्टर चिक्कू हाय. सरपंच तोंडाळ. फौजदार बी घोरतो. ह्याला एकट्याला काय ठिवलं न्हाई. तुजी आई कुनाला आसं सोडत न्हाई."

चहा घेऊन आई दारात उभी होती. तिनं ऐकलं. कप अण्णांच्या हातात नीट दिला, दांडी त्यांच्या बोटांत अडकवली आणि मागच्या दारी निघून गेली. त्यानंतर दोन दिवस ती गच्चीवर गेली नाही. सिस्टरांनी भिंतीवरून मला खुणेनं विचारलं, "बरं वाटतंय का तिला?"

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी मागच्या अंगणात शेवगा सोलत बसलो होतो. अण्णा आत झोपलेले. आई एकदम म्हणाली, "आसा मानूस हुता."

"कोण?"

"चष्मेवाला. चष्मे न्हाई विकायचा. शिलाईच्या मशिनी दुरुस्त करायचा."

मग तिनं सांगितलं. ती नोकरीला नवी होती तेव्हा एका आडबाजूच्या गावाची फेरी तिच्याकडे होती. बाई कंडक्टर म्हणजे लोकांना तमाशा. तिकीट देताना हात धरायचे, घंटीची दोरी ओढून म्हणायचे, आता मारा. ड्रायव्हर गालात हसायचा. त्या गाडीला आठवड्यातून दोनदा एक माणूस असे. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, खांद्याला पिशवी, तीत पेचकस, तेलाची कुपी, सुया. गावोगाव फिरून मशिनी दुरुस्त करायचा. एकदा एका पिऊन आलेल्यानं आईच्या तिकिटांच्या पेटीला हात घातला. गाडीतलं कुणी उठलं नाही. हा उठला. आवाज न चढवता म्हणाला, "ताईंना त्यांचं काम करू द्या." तो पिणारा खाली बसला.

"त्या गाडीत मला ताई म्हननारा तो एकलाच," आई म्हणाली. "मला त्याचा लई आदर वाटायचा. मंगळवार आला की बरं वाटायचं, आज गाडीत तो आसंल."

आमच्या घरीही मशीन होतं. सुट्टीच्या दिवशी आई गल्लीतल्या बायांची पोलकी शिवायची. ते खडखड करायला लागलं तेव्हा तिनं त्याला बसमध्येच सांगितलं. तो पत्ता विचारून घरी आला. दुपारची वेळ, अण्णा कारखान्यात.

"मी कुठं होते?"

"तू हुतीस की. पाच वरसाची. त्याच्या पुढ्यात बसली हुतीस, मशीनची रिकामी बॉबीन घिऊन. त्यानं तुला तिच्यात दोरा ओवून दिला, भिंगरी करून. चहा पिला. मशीन लोन्यावानी चाललं. पैसं घ्यायला तयार न्हाई. जाताना उंबऱ्यात वळला आन म्हनला, ‘ताई, दाराला आतून कडी लावत जा.’"

त्यानंतर काही महिन्यांनी पेपरात त्याचा फोटो आला. तीन बायांना मारलं होतं. तिघी घरी एकट्या, तिघींच्या घरी शिलाईचं मशीन. पहिल्या दोघींनी विहिरीत जीव दिला असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्याला जन्मठेप झाली आणि पुढे तो तुरुंगातच मेला म्हणे.

मी हातातली शेंग तशीच धरून बसले. मला त्या माणसाचं काहीही आठवत नाही. ना शर्ट, ना भिंगरी. किती ताण दिला तरी नाही.

"अण्णांना सांगितलंस?"

"काय सांगू? परका मानूस घरात घेतला हुता, म्हनून? मशीन मी त्याच आठवड्यात भंगारात दिलं. मोडलं म्हनून सांगितलं." तिनं शेवग्याची साल ओढून काढली. "पन इतकी वरसं मनात एकच येतंय गं. त्यानं मला सोडलं कशापायी? आन कडी लावत जा, आसं का म्हनला? त्याच्या आतला कोन बोलला त्ये?"

ती हे रडत सांगत नव्हती. तिच्या डोळ्यांत नुसतं आश्चर्य होतं. वीस-बावीस वर्षांत न विटलेलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गच्चीवर गेली. पंधराव्या भागात चष्मेवाला शिंपीणबाईच्या दुकानात येतो, तिचा चष्मा नीट करून देतो आणि निघताना म्हणतो, "ताई, दाराला आतून कडी लावत जा." तिथं भाग संपला. मारेकरी तोच असेल असं एकाही वाचणारीला वाटलं नाही. बायांनी लिहिलं, किती काळजी आहे बिचाऱ्याला!

एकच निरोप वेगळा आला. तो ॲपवर सगळ्यांना दिसेल असा लिहिलेला नव्हता, फक्त आईला होता. ‘हे वाक्य तुम्हाला कुठून मिळालं? कृपा करून सांगा. मला तुम्हाला भेटायचं आहे.’

आईनं फोन माझ्याकडे दिला.  मी फोन करून त्या बाईंशी बोलले; निरोप त्यांच्या सुनेनं लिहून दिला होता. त्या श्रीरामपूरपासून बसनं दीड-दोन तासांवरच्या एका गावात राहत होत्या. आईच्या त्याच आडबाजूच्या फेरीच्या रस्त्यावर. गावाचं नाव ऐकून आई म्हणाली, "येऊ दे त्यांस्नी."

त्या दोन दिवसांनी सकाळी आल्या. आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, हिरवं नऊवारी नेसलेल्या, हातात घरच्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. पाणी दिलं ते प्यायल्या नाहीत, आधी बोलल्या.

"माजी थोरली बहीन त्यातली दुसरी."

 अण्णा पलंगावर होते, त्यांनी पाय खाली सोडले.

"मी तवा आक्काकडं ऱ्हायला गेल्ते, माज्या बाळंतपनाला," त्या म्हणाल्या. "तो पहिल्यांदा आला तवा मी घरातच हुते. मशीन नीट केलं. चहा पिला. जाताना आक्काला म्हनला, ताई, दाराला आतून कडी लावत जा. आमी दोगी म्हनलो, किती चांगला मानूस. मंग मी माज्या घरी गेले. पंदरा दिसांनी तो परत आला. मशीन बघायचं ऱ्हायलंय म्हनून. तवा आक्का एकली हुती." त्यांनी पदर तोंडाला लावला आणि काढला. "आमच्या दाजीला धरलं आधी. भांडन झालं आसंल म्हनले लोक. आक्कालाच नावं ठिवली. तो सापडला तवा समद्यांनी तोंडं मिटली. पन त्ये कडीचं वाक्य मी पोलिसाला बी सांगितलं न्हवतं. कुनालाच न्हाई. सून फोनवर तुमची गोष्ट मोठ्यानं वाचती, मी भाजी निवडत ऐकती. त्ये वाक्य आलं आन माज्या हातातली परात खाली पडली."

आई भिंतीला टेकली. इतकी वर्षं ती समजत होती की ते शब्द फक्त तिच्यासाठी होते. त्या माणसात शिल्लक राहिलेल्या काहीतरी चांगल्यानं ते तिला दिले होते. आणि तो ते प्रत्येकीला देत होता. पहिल्या खेपेला विश्वास, दुसऱ्या खेपेला मरण.

"पन माज्याकडं तो परत आलाच न्हाई," आई म्हणाली. आवाज अगदी लहान होता.

"आला हुता," अण्णा म्हणाले.

आम्ही तिघी वळलो. त्यांचे डोळे काळ्या चष्म्यामागे होते, त्यामुळे ते कुणाकडे बघत होते ते कळलं नाही.

"मशीनचा आवाज बदलला हुता," ते म्हणाले. "आदी खडखडायचं. एक दिस कामावनं आलो तर गपगार चाललंय. मी इचारलं, कुनी नीट केलं? तू म्हनलीस, आपुआप. मशीन आपुआप नीट हुतं व्हय? मोरीत कप दोन हुते. पोरगी भिंगरी फिरवीत बसल्याली, म्हनली, मामानं दिली."

आईनं माझ्याकडे पाहिलं.

"मला संशय आला." त्यांनी तो शब्द काट्यावर माप ठेवावं तसा ठेवला. "साहेबाला भेटून मी रातपाळी मागून घेतली. लोकांला वाटलं, भत्त्यापायी. दिसभर घरात पडून ऱ्हायचो. झोप कसली! कान दाराकडं. तुजी सुट्टी आसली की जास्तच. मंग एका दुपारी कडी वाजली. तू मागं धुनं धूत हुतीस. मी दार उगडलं. पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. मला बघून दचाकला. जरासाच. म्हनला, ‘ताई हायेत का? मशीन बघायचं ऱ्हायलंय.’"

त्या बाईंच्या तोंडून हुंदका फुटला.

"मी म्हनलं, मशीन चांगलं चाललंय, परत यायचं काम न्हाई. त्यानं हात जोडले आन गेला. त्याच्या तोंडाकडं बघून मला काय वाटलं म्हाईत हाय? वाटलं, हा मानूस माज्यापेक्षा सभ्य हाय. म्हनून तर जास्त राग आला."

"आन पेपरात फोटो आला तवा?" आईनं विचारलं. "वळखला न्हाई?"

"वळखला की."

"मंग बोललं का न्हाई?"

"काय बोलू? तुज्यावर पाळत ठिवाया घरी बसलो हुतो, आसं सांगू? आन त्यानंतर मला भ्या वाटाया लागलं. म्हनून रातपाळी सोडलीच न्हाई कवा."

माझं सगळं बालपण माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. शाळेतून यावं तर अण्णा बाहेरच्या खोलीत दाराला डोकं करून झोपलेले. त्यांना ओलांडल्याशिवाय कुणाला घरात शिरता यायचं नाही. आम्ही भावंडं चिडायचो की घरात मोठ्यानं बोलता येत नाही. इतरांचे बाप संध्याकाळी घरी असतात, आमचा मात्र डबा घेऊन निघतो. सतरा-अठरा वर्षं ते असेच झोपले. मी किती वेळा त्यांच्या अंगावरून उडी मारून आत गेले असेन.

आई अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा त्यांचा हात धरेल. तिनं पदर कमरेला खोचला.

"तुमी माज्यावर संशय घेतला."

"घेतला."

"मी दिसभर गाडीत लोकांची बोलनी खाऊन, पायाचे तुकडे करून घरी यायची, आन तुमी माज्यावर—"

"व्हय," अण्णा म्हणाले. "चुकलंच माजं. पन आता त्याला चूक तरी कसं म्हनू? तूच सांग."

 आई त्यांना बोलायला लागली. जुनंपुराणं सगळं निघालं, दोन कप, भिंगरी, न विचारलेले प्रश्न. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मी मध्ये पडणार तेवढ्यात त्या पाहुण्या बाईंनी माझा हात धरला. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या.

"भांडू दे त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "तुमी भांडा. लई भांडा. आमच्या आक्कावर संशय घ्यायला कुनी घरात न्हवतं बघा."

आई थांबली. भिंतीपलीकडून सिस्टरांची प्रार्थनेची पुटपुट ऐकू आली. मग आई खाली बसली, पाहुण्या बाईंच्या शेजारी, आणि त्यांच्या मांडीवर हात ठेवून तशीच बसून राहिली.  मी आत जाऊन चहा टाकला. मला तिथं उभं राहवत नव्हतं. भीतीनं नाही, कशासमोर तरी आपण फार छोटे आहोत असं वाटतं ना, तसं झालं होतं. देवाच्या मनात काय असतं ते मला माहीत नाही. पण एका माणसाच्या मत्सरानं माझी आई वाचली होती आणि मी मोठी झाले होते, आणि ते दोघं एवढी वर्षं एका छताखाली ते न सांगता जेवत, झोपत, मुलं वाढवत राहिले होते.

आई चार दिवस अण्णांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ती कारल्याच्या भाजीवरून.

मी तिला म्हटलं, "आता कादंबरीचा शेवट तुला मिळाला."

"त्यो?" ती म्हणाली. "त्यो न्हाई द्यायचा. त्यो माजा हाय."

तिनं वेगळाच शेवट केला. शिंपीणबाई चष्मेवाल्याला दुकानात कोंडते, फौजदार उशिरा पोचतो आणि तिची बोलणी खातो. वाचणाऱ्यांनी हट्ट धरला की दोघांचं लग्न लावा. आईनं नाही लावलं. शेवटच्या पानावर ते दोघं दुकानाच्या पायरीवर बसून चहा पितात आणि कोण आधी बोलणार याची वाट बघतात. खूप बायांनी खाली लिहिलं की त्या रडल्या. सिस्टरांनी छापील पुस्तकासारखी बाइंड करून एक प्रत काढून आणली आणि त्यातल्या प्रेमाच्या पानांना पेन्सिलीनं खुणा केल्या.

चैत्र संपत आला तेव्हा आई म्हणाली, त्या बाईंकडं जाऊन यायचं. आम्ही दोघी गेलो. तीच फेरी, तोच रस्ता, बस नवी. कंडक्टर एक तरुण पोरगी होती. आईनं तिकीट घेतलं आणि खिडकीशी बसली. वाटेत ती मला एकेक थांबा दाखवत गेली. इथं एकदा बाळंतीण गाडीतच मोकळी झाली, इथं बैल आडवा आलता. मला हे कधीच सांगितलं नव्हतं. मी आ वासून ऐकत होते.

त्यांचं घर गावाच्या टोकाला. पडवीत शिलाईचं मशीन, पायाचं, काळं, वरची सोनेरी वेलबुट्टी झिजलेली. शाळेच्या मुलींचे निळे फ्रॉक शेजारी रचलेले. आई मशीनसमोर उभी राहिली.

"शिवू का जराशी?"

"बसा की."

आईनं फ्रॉकची एक बाही घेतली, सुईजवळचा दाब कापडावर सोडला आणि पाय हलवले. मशीन पाण्यासारखं चालायला लागलं. तिनं टीप शेवटापर्यंत नेली, दोरा दातानं तोडला.

"चांगलं हाय मशीन," ती म्हणाली.

"त्यानंच नीट केल्यालं," त्या बाई म्हणाल्या. "तवाधरनं एकदा बी बिघाडलं न्हाई."

आईचा हात चाकावर होता. तो तिथंच थांबला. मला राहवलं नाही, मी विचारलं, "मग तुम्ही हे ठेवलंत कसं? मोडीत नाही काढावंसं वाटलं?"

त्या माझ्याकडे जरा नवलानं बघत राहिल्या. "का बरं? मशीन आक्काचं हाय," त्या म्हणाल्या. "त्याचं थोडंच हाय?"

आईनं मान हलवली. चाकावरून हात काढला नाही. दुसरा हात मागं पसरून म्हणाली, "दुसरी बाही द्या."